ब्रेकचा बुश

"ओळखा, मिस्त्री," फौजदार खोत म्हणाले आणि बुटाच्या टोकानं ताडपत्रीची दुमडलेली कड सरळ केली.

ताडपत्रीवर एक मोटारसायकल आहे, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मला दिसत होता तो चिखल, गंज आणि शेवाळ यांचा सपाट पसरलेला ढीग. चॅसीचे तीन तुकडे झाले होते, कारण वर ओढताना ट्रॅक्टरवाल्यानं साखळी नको तिथं बांधली होती. चाकांच्या तारा गळून गेल्या होत्या. इंजिन तेवढं इंजिनासारखं दिसत होतं, तेही ओळखीच्या माणसाला फार वर्षांनी दवाखान्यात बघावं तसं.

"काय ओळखू साहेब ह्यात?" मी विचारलं.

"गाडी कुणाची ते सांगा. एवढ्यासाठी कोल्हापुरातनं जीपनं आणलंय तुम्हाला."

शहाण्णव सालचा मे महिना होता. उद्यमनगरात माझं लेथचं दुकान, आणि जीप दारात थांबली तेव्हा शेजारचे सगळे हातातलं काम टाकून बघायला आले होते. लोहाराच्या म्हादूनं काय केलं, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. मी काहीही केलं नव्हतं. निदान जीपमध्ये बसताना तरी माझी तशी खात्री होती.

कुरणवाडीच्या अलीकडं, उतार संपून रस्ता जिथं वळतो तिथं दगडाची जुनी खण आहे. दगड काढून काढून तिचा केवढा तरी डोह झालेला. त्या वर्षी गावानं ठरवलं की पाणी उपसायचं, गाळ काढायचा आणि खण पिण्याच्या पाण्याला वापरायची. भाड्यानं दोन पंप आणले. पंधरवड्यानं तळ दिसायला लागला आणि गाळात लोखंड लागलं. गावानं एका दमात नाव घेतलं, बापू पैलवानाची गाडी! आणि दुसऱ्या दमात आपणच ते खोडलं, कारण बापू पैलवान तर सतरा वर्षांपूर्वी बाई घेऊन बेळगावला पळाला होता, याच गाडीवरून.

"हे बघा," फौजदारांनी मला बाजूला घेतलं. माणूस तरुण होता, उन्हानं लाल झालेला, पण बोलायला सरळ. "खाली अजून कमरेएवढा गाळ आहे. पंपाची मुदत आज संध्याकाळपर्यंत. पंप गेला की चार दिवसांत झऱ्याचं पाणी भरणार. गाडी पैलवानाची असेल, तर तो माणूसपण त्या गाळातच असणार. मग मी पंप हलू देत नाही, सगळा गाळ चाळतो. नसेल, तर कुणीतरी चोरीची गाडी टाकली म्हणून कागद करतो आणि विषय संपला. काय ते आज सांगायचं."

"नंबर न्हाई?"

"पाटी कुजली. इंजिनावरचा नंबर आधीच कुणीतरी घासलेला."

कुणीतरी म्हणजे मिलिटरीवाल्यांनी. ते मला ठाऊक होतं, कारण लिलावातनं तसली इंजिनं मीच आणत असे. पण इतक्यात कशाला बोला, म्हणून मी सावलीकडं वळलो.

कडुनिंबाच्या सावलीत दोन माणसं होती. उभा होता तो केरबा डोंगळे, बापूचा धाकटा भाऊ, आता डोक्यानं निम्मा पांढरा झालेला. खाली बसली होती ती बापूची बायको, मालन. चाळिशीची असेल. डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि नजर ताडपत्रीकडं सोडून बाकी सगळीकडं. त्या बाईला सतरा वर्षं गाव 'टाकलेली' म्हणत होतं. गाळात बापू असेल तर ती विधवा होणार होती, नसेल तर टाकलेलीच राहणार होती. यातलं तिला काय हवं असेल ते मला काही कळेना. तिला नमस्कार करावा की नाही, हेही कळेना. शेवटी मी ताडपत्रीशेजारी उकिडवा बसलो आणि रॉकेलची बादली आणि फडकं मागितलं.

आता ही गाडी माझ्या हातची कशी, ते सांगायला पाहिजे.

कुरणवाडीचा बापू डोंगळे म्हणजे तालमीतलं मोठं नाव होतं. पंचवीस वर्षांचा असताना कुस्तीत त्याचा डावा गुडघा गेला. पाय राहिला, पण वाकायचा बंद झाला, खांबासारखा सरळच्या सरळ. सत्त्याहत्तर सालात तो एक दिवस माझ्या दुकानात आला, बाकावर बसला, आणि बाक मोडला. जमिनीवर बसूनच तो म्हणाला, "मिस्त्री, मला मोटारसायकल पायजे."

"पैलवान, तुम्हाला बैलगाडी बरी," मी म्हटलं.

"बैलगाडीत मागनं चढाय येतंय. पन चालवायला मज्जा न्हाई."

तेव्हाच्या जुन्या विलायती गाड्यांना उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक. डावा पायच वाकत नाही म्हटल्यावर ब्रेक लावायचा कशानं? मी त्याला खुर्चीत बसवला, पाय लांब करायला लावला आणि शिंप्यासारखी मापं घेतली. डावा पायटा, म्हणजे पाय टेकायची दांडी, वीतभर पुढं आणि चार बोटं खाली घेतला. ब्रेकचा दांडा लांब, विळ्यासारखा वाकवून केला. सीटखाली ट्रॅक्टरच्या स्प्रिंगा, कारण साध्या स्प्रिंगा त्याच्या वजनाला जीव देत. हँडल पाण्याच्या पायपाचं, त्याच्या खांद्याच्या रुंदीचं. सायलेन्सर मात्र माझा फसला. आवाज असा यायचा की कुरणवाडीत म्हणायचे, पैलवानाची गिरणी आली. बापूला तोच आवाज फार आवडला. दुरुस्त करू देईना.

तर त्या गाळातनं मी एकेक भाग पुसत गेलो. पायट्याचा तुकडा हाताला लागला. वीतभर पुढं काढलेला, जोडावर माझ्याच वेल्डिंगचा ओबडधोबड मणका. "हा माझा," मी म्हटलं. पाण्याच्या पायपाचं हँडल. "हे माझं." एक ट्रॅक्टरची स्प्रिंग. "हीपण." हरवलेली पोरं जत्रेत सापडावीत तसे ते भाग मला भेटत होते, आणि खरं सांगतो, मला आनंद होत होता. माझा आवाज चढला असणार. सहज वर बघितलं, तर मालनवहिनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरून बसली होती. माझा आनंद जागच्या जागी आटला.

"बापू पैलवानाचीच गाडी, साहेब," मी हळू म्हणालो.

"दादाची न्हवं ही," केरबा एकदम बोलला.

"अहो, मी बांधलीय. असली दुसरी गाडी अख्ख्या जिल्ह्यात न्हाई."

हे वाक्य मी बापूला दिलेलं वचन होतं. इतक्या वेळा म्हटलेलं की तोंडातनं आपोआप निघालं. आणि निघाल्याबरोबर माझ्या ध्यानात आलं, की ते खरं नव्हतं.

केरबा ताडपत्रीपाशी आला. "मग मी काय ऐकलं, मिस्त्री? ब्याऐंशी साली संकेश्वरच्या बाजारात, भर दुपारी. मिरच्यांची पोती उतरत हुतो आनि गिरणीचा आवाज आला. वळून बगतोय तर गाडी. तेच हँडल, तसाच डावा पाय पुढं सोडलेला. 'दादा' म्हनून हाक मारली, पोती टाकून पळालो मागनं. न्हाई गावला. निपाणीत आमच्या गावच्या दोघांनी बघितलाय. हालसिद्धनाथाच्या जत्रंत बघितलाय. एवढी मानसं खोटं बोलत्यात व्हय? दादा जित्ता हाय. तिकडंच हाय कुठंतरी."

तो बोलत होता आणि मी हातातला पायटा उगाच पुसत होतो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कुणाच्या मापाचा सुटा भाग करायचा असला की आम्ही जोडीनं करतो. माप घेण्यात, लेथ लावण्यातच सगळा वेळ जातो. एकदा लावली की दुसरा नग फुकटात पडल्यासारखा. एक गिऱ्हाइकाला द्यायचा, एक फळीवर ठेवायचा, पुढंमागं मोडला तर असावा म्हणून. बापूच्या गाडीचा असा प्रत्येक भाग माझ्या फळीवर जोडीनं पडून होता. एकोणऐंशीच्या चैत्रात बापू नाहीसा झाला, आणि दिवाळीत संकेश्वरचा जिनगोंडा पाटील दुकानात येऊन बसला. तालेवार घरचा, बापूच्या कुस्त्यांचा वेडा. म्हणाला, पैलवानाच्या गाडीसारखी गाडी मला करून द्या. मी आधी नाही म्हटलं. मग म्हटलं, बापू पळालाच आहे, त्याला कोण सांगायला जातंय. फळीवरचे भाग तरी कुणासाठी ठेवायचे?

"साहेब," मी म्हटलं, "एक सांगायचं राहिलं. असली दुसरी गाडी हाय. म्हणजे होती. मीच केली."

फौजदार माझ्याकडं बघत राहिले. "मघाशी एकच म्हणालात."

"म्हणालो."

"आणि आता दोन."

"दोन."

"हुबेहूब?"

"अगदी. पायट्यासकट. जिनगोंडाचे दोन्ही पाय धड, तरी डावा पाय लांब सोडून बसायचा. नक्कल करायची तर लंगडण्यासकट, असं त्याचं काम. दोन-चार वर्षं फिरवली त्यानं. पुढं कुणाला दिली, कुठं गेली, ठाऊक न्हाई."

कुणी हसलं नाही. केरबा मटकन तिथंच खाली बसला.

"म्हंजे संकेश्वरात मी कुनाच्या मागनं पळालो?" त्यानं विचारलं.

"जिनगोंडाच्या असणार."

"आनि निपाणीत?"

"तोच."

"आनि मी घरला येऊन वैनीला सांगितलं, दादा मस्त मजेत हाय, हाक मारली तरी थांबला न्हाई..." सतरा वर्षांत त्यानं त्या गाडीपायी किती गावं पालथी घातली होती, हे मला नंतर कळलं. त्या घडीला त्याच्या तोंडाकडं बघूनच मला मान खाली घालावीशी वाटली.

मालनवहिनीनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. कोण हा माणूस, आणि आपल्या आयुष्यात ह्याचं काय काम, अशा नजरेनं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मग ही त्यातली कुठली?" फौजदारांनी विचारलं.

"ठाऊक न्हाई."

"मिस्त्री, तुम्हाला ओळखायला आणलंय!"

"दोन्ही माझ्याच, साहेब. आवळ्याजावळ्या पोरींत आई चुकत न्हाई म्हणतात, पण मी चुकतोय. पायटा दोघींचा सारखा, दांडा सारखा, हँडल एकाच पायपाचं कापलेलं. बापूची लाल होती, जिनगोंडाची हिरवी, पण हितं रंग हाय कुठं?"

खरोखरच माझं डोकं चालेना. जिनगोंडाची गाडी कुणी चोरून इथं ढकलली असेल, हेही शक्य होतं. मघाशी जे भाग माझ्याशी बोलत होते ते आता मुके झाले होते. एक उचलला की वाटायचं बापूची, दुसरा उचलला की वाटायचं जिनगोंडाची, आणि तिसरा उचलला की वाटायचं, आपण लोहारकी सोडून हरिभजन करावं. ऊन डोक्यावर आलं होतं. खाली खणीत पंप धापा टाकत होता आणि त्याचा मालक दर घटकेला वर येऊन घड्याळ बघत होता.

"चहा घ्या," फौजदार म्हणाले. बिचारा मला समजावत होता की स्वतःला, देव जाणे.

चहा घेता घेता मी ब्रेकचा दांडा पायाशी ओढला. हाताला चाळा म्हणून. दांडा जिथं चॅसीच्या खुंटीवर फिरतो, तिथं आत एक बुश असतो, बोटभर लांबीची नळी. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मधे घालायची. मी ती गनमेटलची करत असे. गनमेटल महाग पडतं, पण गंजत नाही. हातोडीनं दोन ठोके देऊन मी खुंटी पाडली, बुश बाहेर काढला आणि रॉकेलमध्ये बुडवला. सतरा वर्षांचा चिखल निघून गेला आणि आतनं पिवळाधमक धातू वर आला.

मी तो उजेडाकडं धरून आत बघितलं. आतल्या अंगाला बारीक गोल रेषा होत्या, एकापुढं एक, केसासारख्या.

त्या लेथच्या हत्याराच्या रेषा. कातलेल्या धातूवर त्या उमटतातच, आणि भाग वापरात आला की घासून जातात. ब्रेक दाबेल तसा दांडा बुशात फिरतो; महिन्याभरात रेषा जाऊन आत आरसा होतो, वर्षभरात भोक लांबट होतं. हा बुश नवा होता. एका बाजूला नखाएवढी चकाकी आलेली, बाकी सगळा कोराकरकरीत.

"काय झालं?" फौजदारांनी विचारलं.

"हे असं कसं?" मी म्हटलं. "बापूची गाडी दीड वर्षं चालली. जिनगोंडाची दोन-चार वर्षं. दोन्हीत असा बुश असायला नको. ही गाडी बाजारात गेलीच न्हाई, जत्रेला गेलीच न्हाई. ही गाडी... ही तर फार तर दहा-वीस वेळा थांबलीय."

"म्हणजे आता तिसरी गाडी?" ते जवळजवळ ओरडलेच.

"तिसरी न्हाई हो."

"मग?"

मी बुश हातात फिरवत राहिलो. माणसाची आठवण मोठी बेभरवशाची. सतरा वर्षं जी गोष्ट मी स्वतःच्या तोंडानं सांगत आलो होतो, ती मला त्या घडीला आठवेना. आधी आठवली ती फळी. फळीवरचा बापूचा जोडीचा बुश, त्यावर बसलेली धूळ फुंकून टाकणारा मी. जिनगोंडाच्या गाडीच्या वेळी हा बुश फळीवर नव्हता. तेवढा एक मला नवीन कातावा लागला होता. का नव्हता? कारण तो आधीच कुणाला तरी घातला होता. कुणाला?

"बापूला घातला," मी मोठ्यानं म्हणालो. "शेवटच्या दिवशी. ब्रेक धरत नव्हता म्हणून तो दुकानात आला होता. जुना बुश झिजून लांबट झालेला. मी फळीवरचा काढून बसवला. दिवस मावळायला निघाला. त्यानंतर त्याला कुणी बघितला न्हाई." मी बुश फौजदारांच्या पुढं धरला. "साहेब, ही बापूचीच. दुसरी गाडी संकेश्वर-निपाणी फिरत होती, तिचा बुश घासून चाळण झाला असणार, आणि ह्या मापाचा बुश माझ्याशिवाय कुणाकडं मिळत न्हाई, मी तर पुन्हा कधी केला न्हाई. हा माझ्या दुकानातनं निघाला तो हितंपर्यंतच आलाय. कोल्हापूर ते कुरणवाडी. मैलभरसुद्धा जास्त न्हाई."

"म्हणजे बेळगावला गेलाच नाही."

"घरी येत होता," मी म्हणालो, आणि म्हटल्यावर मलाच ते ऐकू आलं.

फौजदार काठावर गेले आणि खाली ओरडून म्हणाले, "पंप हलवायचा नाही! मी सांगेपर्यंत कुणी हात लावायचा नाही!"

केरबा उठून माझ्यासमोर आला. "पन तुमीच सांगितलंसा, मिस्त्री. आठव्या दिवशी मी तुमच्या दुकानात विचाराय आलो, तवा तुमीच म्हनला, पैलवान बेळगावला जातो म्हनून गेला. म्हनून तर समदी बेळगावकडं हुडकाय गेली. हितं, घरापासनं हाकंच्या अंतरावर, कुनी डोकावून बघितलं न्हाई!"

"मी म्हणालो, दोघांनी बेळगावला जायचं म्हणत होता," मी पुटपुटलो.

"दोघांनी? दुसरं कोण?" फौजदार परत येता येता म्हणाले.

"ते त्यानं सांगितलं न्हाई. मी विचारलं न्हाई."

विचारायची गरजच वाटली नव्हती. मला नाही आणि केरबालाही नाही. मित्राबरोबर जायचं असतं तर बापूनं नाव घेतलं असतं. नाव घेतलं नाही म्हणजे बाईमाणूस. आणि बाईमाणूस म्हणजे घरचं नव्हे, एवढं आम्हाला कळत होतं. त्या काळी आमच्याकडं बायकोला गाडीवर मागं बसवून गाव दाखवायला कोण नेत होतं? बायको यष्टीनं जायची, नवरा मागाहून गाडीनं. दुकानात मी 'दोघांनी' म्हटल्यावर केरबानं माझ्याकडं आणि मी केरबाकडं बघितलं होतं, आणि दोघांनीही मान हलवली होती. तेवढ्या मान हलवण्यात एका माणसाचा निकाल लागून गेला.

"काय म्हनाले हुते?"

मालनवहिनी ताडपत्रीच्या कडेला येऊन उभी होती. कधी उठली ते आम्हाला कळलंच नव्हतं. सकाळपासनं तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"वहिनी, ते जाऊ द्या आता..."

"जाऊ द्या नगो. सतरा वर्सं गेलीच की. त्यांचं बोलनं सांगा. तुमचं नगो, भावजींचं नगो. त्यांनी जे म्हटलं, ते."

मी डोळे मिटले. बापू गाडीवर बसलेला, डावा पाय लांब केलेला, ब्रेक दाबून दाबून बघतोय आणि हसतोय. "म्हणाला, 'मिस्त्री, ब्रेक असा धरला पायजे, की मागं बसनाऱ्यानं वराडू नये. दोघांनी बेळगाव गाठायचं हाय.'"

"वराडू नये?"

"व्हय."

"असंच म्हनाले? वराडू नये?"

"असंच, वहिनी. हसत होता."

ती वळली आणि रस्त्याच्या उताराकडं बघायला लागली. मग आमच्याकडं पाठ ठेवूनच बोलली.

"आदल्या आयतवारी, दुपारचं. गाव समदं रानात. मला म्हनाले, बस मागं, कोन बघतंय. ह्याच उतारावर ब्रेक लागंना. मी आशी वराडले, आशी वराडले, का त्येंच्या पाटीत तोंडच खुपसलं. खाली आल्यावर किती हसले! म्हनाले, आता ब्रेकच करून आनतो, मग तुला लांब नेतो. कुठं, ते न्हाई सांगितलं. म्हनाले, कुनाला बोलू नगो, लोक हसत्याल."

केरबानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. "वैनी, हे तवा का न्हाई बोललासा?" तो आतनंच म्हणाला.

"कुनाला बोलायचं, भावजी? तुमी येऊन सांगितलं, दादा बाई घिऊन पळाला. 'दोघं' कुठं म्हनलासा तुमी? वराडू नये म्हनाले, हे तर कुनी सांगितलंच न्हाई. मग मी कुनाच्या तोंडानं सांगू, मलाबी गाडीवर बसवलं हुतं म्हनून? समदी म्हनाली असती, हिला उतारापतूर आनि तिला बेळगावापतूर."

खाली माणसं पुन्हा गाळात उतरत होती. फौजदारांनी टोपी काढून काखेत धरली. मला माफी मागायची होती. दुसऱ्या गाडीची मागू, मान हलवण्याची मागू, की त्या एका 'दोघांनी'ची, ते ठरेना. आज तीस वर्षं होत आली तरी ठरलेलं नाही. हातात तो बुश होता तो मी तिच्यापुढं धरला. तिनं घेतला नाही.

ती कपाळाला हात लावून खाली बसली. रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता, भलत्याच घरात शिरलेल्या माणसासारखा.

"मिस्त्री," ती म्हणाली, "त्यांना मी कवा वंगाळ बोलले न्हाई. समद्या शिव्या त्या बाईला. रोज सकाळी चूल पेटवली की पयली तिची आठवन. सतरा वर्सं, एक दीस चुकला न्हाई. 'रांडंचं कुकू पुसू दे,' म्हनायची देवापुढं. 'तिचा दादला पान्यात बुडून मरू दे.'"

तिनं माझ्याकडं बघितलं.

"ती बाई मीच की ओ."